टाके: एक ओळ की दोन

७ ऑक्टोबर २०२४, जळगाव

आज नेहेते सरांनी केबिनमध्ये बोलावलं आणि अभ्यासाचं काम माझ्याकडे दिलं. फिजिओथेरपीची पदवी घेऊन इथे लागल्याला मला अजून वर्षही झालेलं नाही. जितेंद्र माझ्याहून जुना आहे, तरी सरांनी मला निवडलं. रात्री नीट झोप येणार नाही, म्हणून आत्ताच लिहून ठेवते.

खांद्याच्या सांध्यावर चार स्नायूंच्या दोऱ्या टोपीसारख्या बसलेल्या असतात. एखादी फाटली की हात डोक्यापर्यंत जात नाही आणि रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. सर दुर्बिणीतून ती दोरी पुन्हा हाडाला शिवतात. शिवण्याच्या दोन पद्धती आहेत. एकीत टाक्यांची एकच ओळ असते, दुसरीत दोन. दोन ओळींत दोरी हाडावर जास्त रुंद बसते, पण हाडात खिळे जास्त ठोकावे लागतात आणि वेळही जास्त जातो. मग दोन ओळींचा खरंच फायदा होतो का? आपल्याकडच्या कष्ट करणाऱ्या माणसांना होतो का? हे सरांना शोधायचं आहे.

कोणाला कोणती पद्धत ते ऑपरेशनच्या टेबलावर कॉम्प्युटर ठरवणार. बाहेरून सगळ्यांची भोकं सारखीच दिसतात. मी तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी हात किती अंशांत वर जातो ते मोजायचं, ताकद बघायची आणि प्रश्न विचारायचे. कोणाचे टाके कसे आहेत ते मला कळता कामा नये. कळलं तर माझा हात नकळत एकीकडे झुकेल.

जितेंद्र म्हणाला, "म्हणजे आता तू आंधळी कोशिंबीर खेळणार."

मी म्हटलं, "हो, आणि डोळ्यांवरची पट्टी मी काढणार नाही."

१९ ऑक्टोबर, जळगाव

पहूरचे शालिग्राम भाऊ भरती झाले. केळीचे घड खांद्यावरून ट्रकपर्यंत वाहून नेण्यात त्यांची वीस वर्षं गेली. अभ्यासाबद्दल मी त्यांना सगळं समजावलं. ते ऐकून घेत होते, पण शेवटी म्हणाले, "मॅडम, माझ्या नावाची चिठ्ठी जरा चांगली काढजा."

"भाऊ, चांगली-वाईट असं काही नाही. कोणती चांगली ते आम्हालाच माहीत नाही."

त्यांची बायको भागाबाई शेजारी बसली होती. ती म्हणाली, "डॉक्टरला माहीत नाही म्हणता, मग कापता कशाला?"

मला हसू आलं, पण प्रश्न रास्त होता. दोन्ही पद्धतींनी दोरी शिवली जाते, दोन्ही चालतात, जास्त टिकाऊ कोणती एवढंच ठाऊक नाही, असं मी पुन्हा सांगितलं. भाऊंनी सही केली. माणूस खरं सांगितल्यावर विश्वास ठेवतो, हा माझा अनुभव आहे.

३ नोव्हेंबर, धुळे (भाऊबीज)

देवपुरात घरी आले आहे. मायचा उजवा खांदा वर्षभर दुखतो आहे. दिवाळीआधी मी तिला जळगावला नेऊन एमआरआय करून घेतला. दोरी फाटलेली आहे. ती अभ्यासात बसते. वय, फाटेचा आकार, सगळं बसतं.

दादा, म्हणजे आमचे वडील, गेल्यापासून माय ऑर्डरीचे मांडे करते. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर झेलत झेलत ती फिरवते. तो कोपरापर्यंत मोठा होतो आणि मग उपड्या खापरावर अलगद पडतो. लग्न, बारसं, अक्षय्य तृतीयेची आखाजी, सगळीकडे तिचेच मांडे लागतात. कुंदनभाऊचं आणि माझं शिक्षण त्या खापरावरच झालं. गेल्या आखाजीला तिच्या हातातून मांडा खाली पडला, तेव्हापासून तिने एकही केलेला नाही. पुन्हा करता येतील का, एवढंच ती मला विचारते.

ओवाळून झाल्यावर मी अभ्यासाचं काढलं. कुंदनभाऊ चिडला.

"दुसरानी माय पाहाय ना. आपलीच सापडनी का तुले?"

"मग मी दुसऱ्याला कोणत्या तोंडाने सांगू? माझी आई सोडून बाकी सगळ्यांनी चिठ्ठी काढा?"

"नेहेते डॉक्टरले सांग, मनी मायले चांगला टाका दी द्या. तुनं ऐकतीन ते."

"चांगले कोणते तेच तर शोधायचं आहे ना!"

"मंग शोधी ल्या आगोदर."

सारिका वहिनी मधे पडली, "ताई, जेवणं थंड होताहेत."

मी मायला तासभर सगळं समजावलं. कागदावर खांद्याचं चित्र काढलं, एक ओळ, दोन ओळी. ती चित्राकडे कमी आणि माझ्याकडेच जास्त पाहत होती. शेवटी म्हणाली, "तू शे ना तठे? मंग कोठे अंगठा लावू सांग."

"माय, तुला सही येते."

"मंग सही."

तिने पूर्ण समजून होकार दिला, याचा मला फार आनंद झाला.

१४ नोव्हेंबर, जळगाव

ऑपरेशन झालं. सगळं व्यवस्थित आहे. मी आत गेले नाही. टाक्यांच्या किती ओळी घातल्या ते मला माहीत नाही आणि मी विचारलंही नाही. मायची मापं जितेंद्र घेणार, मी घेणार नाही. मुलीने आईला मोजणं बरोबर नाही, असं मीच सरांना सुचवलं.

शुद्धीवर आल्यावर मायने पहिलं विचारलं, "डाक्टर जेवनात का?"

२९ डिसेंबर, धुळे

सहा आठवडे झाले, हाताची झोळी काढली. मायला नियम वाचून दाखवले. चार महिने होईपर्यंत उजव्या हाताने काहीही उचलायचं नाही. मळायचं नाही, लाटायचं नाही, मांडा तर मनातही आणायचा नाही. दोरी हाडाला चिकटायला वेळ लागतो. वरवर बरं वाटलं तरी आत कच्चंच असतं.

"समजनं का?"

"समजनं व माय. मी का धाकली शे का?"

वहिनीने नियमांचा कागद फ्रिजवर चिकटवला आहे. घराला शिस्त लागली.

१८ जानेवारी २०२५, जळगाव

शालिग्राम भाऊंची तीन महिन्यांची तपासणी झाली. उत्तरं उत्तम. दुखतं का? नाही. झोप लागते का? मस्त. शर्ट घालता येतो का? येतो की. काही आणू नका असं फोनवर सांगूनही ते पिकलेल्या केळांची फणी घेऊन आले. म्हणाले, "तुम्ही इतकं केलं, आम्ही काय देणार?"

निघताना भागाबाई मागे थांबली आणि हळूच म्हणाली, "बाही मी चढवून देते, बरं का. पण मी बोलले असं त्यांना सांगू नका."

या वयातही नवऱ्याला किती जपते! उत्तर मात्र रुग्णाने दिलेलंच लिहायचं असतं, तसंच मी लिहिलं.

१५ फेब्रुवारी, जळगाव

आजचा दिवस विसरणार नाही.

माय तीन महिन्यांच्या तपासणीला आली, सोबत कुंदनभाऊ. भाऊच्या हातात मोठी टोपली होती, पांढऱ्या फडक्याने झाकलेली. आत मांडे! सगळ्या स्टाफसाठी. रिसेप्शनपासून ऑपरेशन थिएटरपर्यंत सगळे गोळा झाले. सर सहसा गोड खात नाहीत. त्यांनी एक खाल्ला आणि दुसरा मागून घेतला. म्हणाले, "इतका पातळ मांडा मी लहानपणी आजोळी खाल्ला होता."

खरंच, धरला तर पलीकडची खिडकी दिसत होती. मला क्षणभर शंका आली.

"माय, तू तर नाही केलेस ना?"

"नही व. सारिकानी कयात."

वहिनीने केवढी प्रगती केली! दिवाळीत तिला हातावर गोळा फिरवता येत नव्हता. आता मायच्या डोक्यावरचं ओझं कमी होईल. मी वहिनीला फोन करून अभिनंदन केलं. ती फार लाजली. "हो ताई, हो ताई," एवढंच म्हणाली आणि दूध उतू जातंय म्हणून फोन ठेवला.

जितेंद्रने मापं घेतली. मी नियमाप्रमाणे बाहेर उभी राहिले. पडद्यातून ऐकू येत होतं.

"मावशी, दुखतं का?"

"नही रे भाऊ. बठ्ठं बरं शे."

"हात आणखी वर जाईल का?"

"आज परवासमुये आंग आखडेल शे. पन बरं शे."

बाहेर आल्यावर जितेंद्र म्हणाला, "ताकद थोडी कमी वाटली. पण तुझ्या आईसारखा समाधानी पेशंट नाही पाहिला."

सगळ्या पेशंटमध्ये मायची उत्तरं सर्वांत चांगली. मला अभिमान वाटला, तो इथे लिहिते. दुसरीकडे कुठे लिहिता येणार नाही.

२३ मार्च, जळगाव

महिनाभर काही लिहिलं नाही. पेशंट येतात, मापं होतात. जवळजवळ सगळ्यांची उत्तरं 'उत्तम' आणि 'चांगलं' या दोनच घरांत पडतात. जितेंद्र म्हणतो, दोन्ही पद्धती सारख्याच निघणार. तसं निघालं तरी चांगलंच. मग कमी खिळ्यांत काम होतं, हे आपण ठामपणे सांगू शकू.

पिंप्राळ्यातली माझी खोली फार तापते. मायला म्हटलं, चार दिवस राहायला ये, मी व्यायाम घेते. ती म्हणाली, कामं आहेत. हात बरा झाल्यापासून ती घरातून हलायलाच तयार नाही.

३० एप्रिल, धुळे (आखाजी)

रजा घेऊन आले. अंगणात घागर पुजली, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं, दादांना पान वाढलं.

मांडे वहिनीने केले. माय पाटावर बसून पुरणाचे गोळे करून देत होती, डाव्या हाताने. जाळही डाव्या हातानेच सारत होती. मी म्हटलं, "माय, साडेपाच महिने झाले, आता एखादा करून बघ ना. हळूच."

"आते सूनबाई करस. मी कसाले करू? मी आते बसी खासू."

इतकी वर्षं ऑर्डरी केलेली बाई, आज राणीसारखी बसून सूचना देते! बरं वाटलं.

वहिनीचे मांडे मात्र आज जाड झाले. दोन तर खापरावर टाकतानाच फाटले. फेब्रुवारीतले केवढे सुंदर होते. मी गमतीने म्हटलं, "वहिनी, डॉक्टरांसाठी पातळ आणि आमच्यासाठी जाड का?"

वहिनी चुलीपासून उठून आत गेली. धूर फार झाला होता.

मायला आमरसाची वाटी दिली तर तीही तिने डाव्या हाताने घेतली. सवय झाली असावी. सोमवारी फोनवरून डाव्या-उजव्या हाताचे वेगळे व्यायाम सांगायचे आहेत.

१७ मे, जळगाव

सहा महिन्यांची सोनोग्राफी. ती बाहेरचे डॉक्टर करतात, त्यांनाही कोणाचे टाके कसे ते माहीत नसतं. मायच्या वेळी मी मुलगी म्हणून आत बसले होते.

ते बराच वेळ एकाच जागी यंत्र फिरवत राहिले. मग म्हणाले, "दोरी सुटली आहे. हाडापासून पूर्ण मागे गेली आहे. आजची नाही, काही महिने झाले असतील."

मी म्हटलं, "पण तिला काहीच त्रास नाही."

त्यांनी मायकडे पाहिलं. माय छताकडे पाहत होती.

नंतर सरांनी स्वतः तपासलं. त्यांनी मायचा उजवा हात बाजूला धरून सोडला, तो खाली पडला. मायने लगेच पदर सावरण्याचं निमित्त करून तो डाव्या हाताने पकडला. सर मला म्हणाले, "दिपमाला, पुन्हा शिवता येईल, पण खात्री पहिल्याइतकी नाही. आधी व्यायाम करू. राहिलेले स्नायू बरंच काम सांभाळून घेतात. मांडे मात्र..."

माय म्हणाली, "डाक्टरसाहेब, तुम्हना काई दोस नही."

सर म्हणाले, "मावशी, दोष कोणाचा विचारत नाही मी."

कुंदनभाऊने सगळ्यांसमोर मला विचारलं, "कोनता टाका घालात तिले? सांग."

"माहीत नाही."

"आजूनबी नही?"

"नाही."

तो बाहेर निघून गेला. एसटी स्टँडपर्यंत तो माझ्याशी बोलला नाही.

१८ मे, धुळे

मला राहवलं नाही, सकाळच्या गाडीने आले. माय दळण आणायला गेली होती. वहिनी एकटी होती. मी काही विचारायच्या आधीच ती रडायला लागली.

"ताई, फेब्रुवारीतले मांडे मी नाही केले. मला तेव्हा गोळा हातावर घेतासुद्धा येत नव्हता. आई पहाटे उठल्या आणि दार लावून घेतलं. मी म्हटलं, ताईंचा कागद बघा फ्रिजवर. तर म्हणाल्या, कागद उतरी ठेव."

माय आली तेव्हा दळणाचा डबा डाव्या कडेवर होता. मी विचारलं.

ती खाली बसली. जराही लपवलं नाही. वाटच पाहत असावी.

"डाक्टरले रिकामा हाते कसं भेटू? त्यानी इतलं कयं. दुसरं काय येस माले? पेढा तर कोनीबी देस."

"अगं पण टाके..."

"तीन महिना व्हयेल व्हतात. दुखे नही. माले वाटनं, बरं व्हयनं." मग म्हणाली, "शेवटला मांडाले कट्ट वाजनं. माले वाटनं खापर तडकनं. पाहं तर खापर चांगलं व्हतं."

"तेव्हाच का नाही सांगितलंस? जितेंद्रने विचारलं तेव्हा? मी दर आठवड्याला फोनवर विचारत होते, माय."

"दिपमालानी मायलेच गुन उना नही, आसं लोके म्हनतीन ना तठे. तुनी नोकरी नवी शे."

मला राग आला होता. तो कोणावर काढावा ते कळेना. तीन महिने ही बाई एका कुशीवर झोपते आहे आणि माझ्या घरातल्या प्रत्येकाला ते माहीत आहे. मी खांद्याचीच पदवी घेतली आहे. आखाजीला मी तिच्यासमोर बसून तिचा डावा हात पाहत होते आणि राणी म्हणत होते.

२० मे, जळगाव

सरांना सगळं सांगितलं. मांड्यांचंही.

ते बराच वेळ पेन उघडत-मिटत राहिले. "मी दुसरा मागून घेतला," ते म्हणाले.

मग कामाचं बोलणं झालं. मायची दोरी सुटली हे अभ्यासात लिहावंच लागणार. पण ती मांड्यांमुळे सुटली हे कुठे लिहिणार? एक ओळ किंवा दोन ओळी, यांपैकी कोणाच्या तरी नावावर ती फाट जाईल. आणि तीन महिन्यांचं तिचं उत्तर 'उत्तम' म्हणून त्याच नावावर आधीच गेलं आहे. दोन्ही खोटं आहे.

मी म्हटलं, "सर, फक्त मायचं नाही. आपल्याकडे सगळेच 'उत्तम' आहेत. पहूरच्या शालिग्राम भाऊंना त्यांची बायको शर्ट चढवते. तिने मला सांगितलं होतं. मी त्यांचं उत्तर लिहिलं आणि तिचं सोडून दिलं. इथे येऊन आपल्या तोंडावर 'दुखतं' कोण म्हणेल? ज्याने अभ्यासासाठी फुकट ऑपरेशन केलं, ज्याने जेवलात का विचारलं, त्याला नाव ठेवल्यासारखं वाटतं त्यांना. टाक्यांच्या ओळी मला कळू दिल्या नाहीत आपण, पण मी कोण आहे हे त्यांना कळतंच."

"मग काय करायचं?"

"घरी जाऊन विचारायचं. मी नाही, जितेंद्र नाही, ज्याचे त्यांच्यावर काही उपकार नाहीत असं कोणीतरी. आणि घरच्यांना वेगळं विचारायचं. सुरुवातीपासून सगळ्यांना."

सर म्हणाले, "निकाल वाईट दिसेल."

"हो."

"दोन्ही पद्धतींचा."

"हो सर."

त्यांनी पेन मिटलं. "करा. आधी नैतिकता समितीची परवानगी घेऊ. कॉलेजची एक इंटर्न आहे, रूपाली. तिला इथे कोणी ओळखत नाही."

निघताना त्यांनी थांबवलं. "आईंना आणि कुंदनला कोणते टाके होते ते मी सांगणार आहे. तो त्यांचा हक्क आहे. तुला ऐकायचं असेल तर ऐक. मग बाकीच्यांची मापं तुला सोडावी लागतील."

मी रात्रीपर्यंत विचार केला. ऐकलं नाही. आता मायला कळेल आणि मला नाही. ती सांगणार नाही, तेवढी खात्री आहे.

१५ जून, धुळे

परवानगी आली. सुरुवात मायपासूनच करा, असं मी म्हटलं होतं. रूपाली आणि मी सकाळी देवपुरात उतरलो. नंदुरबारची मुलगी आहे, अहिराणी छान बोलते. मी तिला घर दाखवलं आणि अंगणातच थांबले.

कुंदनभाऊ बाजेवर बसला होता. महिन्याभराने पहिल्यांदा माझ्याशी बोलला. "तू मधमां नही जात का?"

"नाही. मी असले तर ती बरं शे म्हणेल."

त्याने सरकून बाजेवर जागा दिली. मी बसले नाही. खिडकी उघडी होती, आतलं ऐकू येत होतं.

"मावशी, वेणी घालता येस का?"

मग मायचा आवाज. "ती आंगनम्हां शे का?"

रूपालीने बाहेर डोकावून पाहिलं. मी तिला हाताने खूण केली आणि गल्लीत गेले. जाताना कानावर पडलंच. "मंग लिखी ले. वेणी सारिका घालस."

आणखी ऐकायचं नव्हतं. गल्लीच्या टोकाला पिठाची गिरणी आहे, तिच्या घरघरीत दुसरं काही ऐकू येत नाही. मी तिथे जाऊन उभी राहिले. गिरणीवाले निंबा आबा म्हणाले, "काय व पोरी, घर सोडीसन आठे कसाले?" मी म्हटलं, घरी पाहुणी आली आहे.

प्रश्न मोजके आहेत. दवाखान्यात चहा निवायच्या आत होतात. मी उभी होते तोवर तिघांची दळणं झाली.

रूपाली आली तेव्हा कागद पिशवीत घालून तिने पिशवी बंद केली होती. तिने मला उत्तरं सांगितली नाहीत आणि मी विचारली नाहीत. रिक्षात बसल्यावर एवढंच म्हणाली, "ताई, प्रश्न कधीच संपले होते. मावशी थांबतच नव्हत्या."